धूर खाणारं छत

यजमानांना खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही घाटावरची माणसं जवळच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी भाड्याने राहायला आलो. दोन खोल्या, वर लाकडी फळ्यांचं छत, छतावर माळा आणि माळ्यावर मालकांच्या बैलांसाठी ठेवलेला पेंढा. बरोबर सासूबाई होत्या. त्यांना दमा होता.

डॉक्टरांनी त्यांना धुरापासून दूर ठेवायला सांगितलं, म्हणून आल्या आल्या आम्ही रॉकेलचा स्टोव्ह घेतला. मला तर आनंदच झाला. चूल सारवून बंद केली, तिच्यावर पाट टाकून पाण्याचा हंडा मांडला आणि फुंकणी नजरेआड केली.

आषाढ संपत आला तेव्हा छतावर बुरशीचा भुरा धरला. नेमका सासूबाईंच्या अंथरुणाच्या वर. आधी पीठ उडाल्यासारखा पांढरा, मग हिरवा, मग काळपट. मी स्टुलावर चढून रॉकेलच्या फडक्याने पुसला, चुना लावला. तो आपला पुन्हा हजर. घरभर कुबट वास. सासूबाईंचा खोकला वाढला, दिवेलागणीला छाती वाजायला लागली. मला भीती वाटू लागली आणि भीती वाटली की मला राग येतो. मी तरातरा मालकीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, "तुमचा पेंढा ओला आहे. आधी तो माळ्यावरून काढा."

त्या आल्या, वर पाहिलं, मग चुलीवरच्या हंड्याकडे पाहिलं.

"चूल बंद केलीस व्हय गं? मंग भुरा येनारच. आमचं लाकूड धूर खातं, म्हनून टिकतं. पेंढापन त्याच्यानंच सुका ऱ्हातो. पावसाल्यात आमी चूल इझू देत नाय."

"अहो, पण यांना धूर चालत नाही!"

धूर केला तर दम लागणार, नाही केला तर भुऱ्याने लागणार. यजमान म्हणाले, खोली बदलू. पण भर पावसात खोली देतंय कोण?

शेवटी सासूबाईच अंथरुणातून म्हणाल्या, "पेटव चूल. धूर हाय तवर मी बसते भायेर ओटीवर."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तोच नेम झाला. आधी मी ओटीवर भिंतीलगत घोंगडी अंथरायची, त्यांना हात धरून बसवायचं, मधलं दार लोटायचं आणि मगच चूल पेटवायची. समोर पागोळ्या गळत असायच्या. मालकीणबाई लावणीवरून चिखलाच्या पायांनी येऊन त्यांच्याशेजारी टेकायच्या. एकीने बाजरीचं कौतुक करायचं, दुसरीने भाताचं; दोघींपैकी कुणीही माघार घ्यायची नाही. मी आत डोळे पुसत फुंकणी फुंकायची आणि त्यांची भांडणं ऐकायची. त्या काळात मला बरं वाटायचं ते तेवढंच.

छत काळं पडत गेलं आणि भुरा हटला. सासूबाईंची छाती वाजायची थांबली. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, सासूबाई गेल्या. दम्याने गेल्या की ओटीवरच्या गार वाऱ्याने, हे मला अजून ठरवता येत नाही. यजमानांनी मला कधी विचारलं नाही. मी मात्र स्वतःला विचारत राहिले.

सुतकात आमची चूल पेटली नाही. जेवण मालकीणबाईंकडून यायचं. त्या ताट उंबऱ्याशी ठेवून जायच्या. तेराव्यानंतर मी आवरायला घेतलं, तर सासूबाईंच्या रिकाम्या जागेच्या वर, त्या काळ्या छतावर, पांढरा भुरा पुन्हा धरला होता. मी खाली बसले आणि तेरा दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

मालकीणबाई दारात आल्या. वर पाहून हळूच म्हणाल्या, "पेटव गं आता चूल."

मी उठले. लाकडं रचली. काडी ओढण्याआधी बाहेर जाऊन ओटीवर घोंगडी अंथरली, मधलं दार लोटलं आणि मग हात तसाच दारावर राहिला.

मालकीणबाई ओटीवर आल्या. घोंगडी मोकळी ठेवून तिच्याशेजारी, आपल्या नेहमीच्या जागी, बसल्या.