उलट बोलणारी तार

आमच्या भाऊजींनी आयुष्यात काय केलं हे कुणाला सांगायचं, तर आधी त्याला खुर्चीत बसवावं लागतं. माझं फरशांचं दुकान आहे. माझं काम गिऱ्हाइकाच्या पायाखाली असतं, ते समजावून सांगावं लागत नाही. भाऊजींचं तसं नव्हतं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात, त्यात एक छोटीशी फाइल होती. जुने प्रिंटर ज्या रुंद पॅरलल पोर्टला जोडत, त्याच्या कुठल्या तारेचा काय अर्थ, ते त्या फाइलीत लिहिलेलं. ही तार सांगते कागद संपला, ही सांगते बिघाड झाला, ही सांगते मी कामात आहे. जगात कुणीही ती वापरावी आणि देखभाल मात्र आमच्या भाऊजींनी करावी, असं ते लष्कराच्या भाकऱ्या भाजणं होतं.

नोकरी विजेचे मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत. संध्याकाळी घरी आले की स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलाशी बसत. त्यावर संगणक आणि एक करकरणारा प्रिंटर. "अहो, माझ्या सवतीला जरा हळू बोलायला सांगा," ताई आतून ओरडायची. भाऊजी प्रिंटरवर जुनी रजई टाकायचे आणि तिच्याखालून कागद ओढत बसायचे.

त्या तारांमध्ये 'मी कामात आहे' म्हणणारी तार पोर्टमध्येच उलटी होते. प्रिंटर हो म्हणतो, संगणकाला नाही ऐकू येतं. नवा कुणी त्या फाइलीला हात लावायला आला की भाऊजी त्याला आधी हेच लिहून पाठवत: ती तार उलटी आहे, जपून. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आमच्या ताईसारखीच की!" ताईने ओलं फडकं फेकून मारलं. भाऊजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "नाही रे, तार कायम उलटंच बोलते. तिचा भरवसा असतो."

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कर्नलच्या मुख्य लोकांचं फर्मान आलं. जुन्या फायली नव्या पद्धतीने लिहा आणि खऱ्या यंत्रावर चालवून दाखवा, नाहीतर पुढच्या आवृत्तीत त्या काढून टाकू. या लोकांचा एक रिवाज आहे. ज्याने स्वतः यंत्रावर चालवून बघितलं, तो त्या बदलाखाली आपल्या नावाने एक ओळ लिहितो: तपासलं. ती ओळ नसेल तर सगळं मुसळ केरात.

भाऊजींनी फाइल नव्याने लिहिली. पण तपासणार कशावर? प्रिंटर ठणठणीत होता, संगणकानेच मान टाकली होती. मी त्यांना घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"काका, हे पोर्ट आता बोर्डावर येतच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर देऊ?"

"त्याचा उपयोग नाही," भाऊजी म्हणाले. "ते माझ्या फाइलीला विचारतच नाही."

बाजार पालथा घातला. जुना बोर्ड मिळाला तो चालू होईना, चालू झाला त्याचं पोर्ट मेलेलं. शेवटी माझं डोकं फिरलं. "लिहून टाका तपासलं म्हणून! कोण येतंय बघायला?"

"मग ती ओळ लिहायचीच कशाला?" ते म्हणाले. कुणाच्या सरळपणाचा इतका राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही.

तेवढ्यात दूरच्या एका देशातून एका शिक्षिकेचा ईमेल आला. अंध मुलांची शाळा; ही फाइल जाणार असल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. जाड कागदावर उठावाचे ठिपके पाडणारं त्यांचं यंत्र याच पोर्टवर चालायचं आणि मुलांचे सगळे धडे त्यातूनच निघायचे. फाइल गेली, तर ज्या दिवशी संगणकाची सिस्टिम बदलावी लागेल त्या दिवशी यंत्र मुकं होणार. दुसरं यंत्र घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. बाईंनी विचारलं होतं, मी तपासून दिलं तर चालेल का?

भाऊजींना हत्तीचं बळ आलं. बाईंना कर्नल म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं. भाऊजींनी त्यांना एकेक पायरी लिहून पाठवली, चुकली तर पुन्हा लिहिली, आणि शेवटी बजावलं: जे होईल तेच सगळ्यांसमोर लिहा, माझी भीड धरू नका.

बाईंनी तसंच लिहिलं. यंत्र हललं नाही.

त्याच संध्याकाळी भाऊजींना चूक सापडली. ती तार उलटी आहे, हे जगाला सांगता सांगता त्यांनी स्वतः ती दोनदा उलटी केली होती. एकदा जिथे तारेचा अर्थ लिहायचा तिथे, आणि धोका नको म्हणून पुन्हा जिथे ती वाचायची तिथे. दोनदा उलटं म्हणजे जसंच्या तसं. यंत्र रिकामं बसलेलं आणि संगणक समजत होता ते कामात आहे, म्हणून वाट बघत राहिला. समोर पोर्ट असतं तर पहिल्याच कागदाला कळलं असतं. ते मला हे सांगत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुरुस्ती लगेच पाठवली. पण तिकडे मुख्याध्यापिकेने बाईंना यंत्राला हात लावायची बंदी केली होती. परीक्षेचे कागद काढायचे होते. इकडे मुख्य लोकांनी निकाल दिला: वापरणारी एकच शाळा, आणि तिच्याच यंत्रावर हे चालत नाही. मग ठेवायचं कशासाठी? भाऊजींनी परीक्षा संपेपर्यंत थांबा म्हणून विनवलं. त्यांच्या आवृत्त्या कुणासाठी थांबत नाहीत म्हणे. उत्तर सभ्य होतं, आभारसुद्धा मानले होते. भांडायला समोर कुणी माणूस असता तर मी भांडलो असतो.

फाइल काढण्याचा बदल रिवाजाप्रमाणे भाऊजींकडेच तपासायला आला. आता प्रिंटर लागणारच नव्हता. त्यांनी ती फाइल नसलेला कर्नल ताईच्या लॅपटॉपवर चालवला. सुरळीत चालला. मग त्यांनी खाली आपल्या नावाने लिहिलं: तपासलं.

"तुम्हीच?" मी ओरडलो.

"चालतंय ना. मग काय लिहू?"

परीक्षा संपल्यावर बाईंचा ईमेल आला. बंदी उठली आहे, आता मी मोकळी आहे, पुढची पायरी पाठवा. भाऊजी दुपारभर टेबलाशी बसून होते. चहा गार झाला, ताईने तो पुन्हा गरम करून आणून ठेवला. अखेर त्यांनी उत्तर लिहिलं: तुमचा आहे तो संगणक बदलू नका, त्याची सिस्टिमही बदलू नका, जपून वापरा.

बाईंनी लगेच विचारलं, किती वर्षं टिकेल?

भाऊजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तू सांग रे," ते म्हणाले, "काय लिहू?"