जंगलातल्या नऊ नळ्या

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. सहा वर्षं एकाच संशोधन संस्थेच्या इमारतीत होतो. त्या वरच्या मजल्यावर संगणकापुढे, मी तळघरात नमुन्यांच्या फ्रीजरांपाशी. त्या चहात साखर घेत की नाही, हेही मला सांगता येणार नाही. पण त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

त्यांचं काम वटवाघळांच्या जनुकांवर होतं. एक जात गुहेतली, एक जंगलातली. जनुकांत बदल होतच असतात. काहींनी प्रथिन बदलतं, काहींनी नाही. पहिल्या तऱ्हेचे बदल फारच जास्त निघाले, तर ते निसर्गाने निवडून राखले की निव्वळ योगायोग, हे त्यांची चाचणी सांगे. गुहेतल्या जातीत निवडीची खूण सापडली, जंगलातल्या जातीत नाही. म्हणून दोन्ही जातींवरची निवड वेगळी, असा लेख त्यांनी छापला. त्यावरच त्यांची नेमणूक झाली आणि राहायला संस्थेची खोली मिळाली. खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील होते.

पाचव्या वर्षी एका दुपारी त्या तळघरात आल्या.

"काका, गुहेतले नमुने चाळीस. जंगलातले नऊच कसे हो?"

मी खरं ते सांगितलं. त्या येण्याआधी एक फ्रीजर बंद पडला होता आणि जंगलातल्या नमुन्यांच्या एकतीस नळ्या वितळून वाया गेल्या होत्या. आमचे विभागप्रमुख साहेब म्हणाले होते, उरलेल्यांवर भागवा. मी गप्प बसलो होतो.

त्या स्टुलावर बसल्या. "दोन भावांपैकी एकाला ताप निघाला. दुसऱ्याच्या तोंडात थर्मामीटर धड टेकवलाच नाही. मग दुसऱ्याला ताप नाही असं म्हणाल?"

"नाही म्हणणार."

"मी छापून म्हटलं."

"फ्रीजर माझा होता, बाई."

"नळ्या तुमच्या फ्रीजरने घालवल्या. फरक आहे असं मी म्हटलं, आणि तो फरक कधी तपासलाच नाही."

मग त्यांनी दोन्ही जाती एकत्र घेऊन नेमका फरकच तपासला. फरक आहे असं म्हणण्याजोगं काही हाती लागलं नाही.

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, तुलाच बरं दिसलं."

"मला दिसलं ना, सर."

"वडिलांना कुठे ठेवशील, ते ठरवलंस?"

"नाही."

तरी त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं आणि लेख मागे घेतला. फ्रीजरचं मी लेखी देईन, असं एकदा मनात आलं होतं. निवृत्तीला आठ महिने होते. दिलं नाही.

नेमणूक वाढली नाही. वडील एका वृद्धाश्रमात गेले आणि तीन आठवड्यांत वारले. बाई कुठल्याशा कारखान्यात मालाच्या तपासणीवर लागल्या. दोन वर्षांनी त्याही आजारपणात गेल्याचं मला त्यांच्या भावाकडून कळलं, तेही मी चौकशी केली म्हणून.

संस्थेतल्या शेवटच्या दिवशी त्या पुस्तकांचं खोकं घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मला पुष्कळ बोलायचं होतं.

"बस गेली का हो, काका?"

"सव्वापाचची गेली. आता पावणेसहाला."

"बरं, थांबते."

"खोकं खाली ठेवा. हात भरून येईल."

"ठेवते."