ड्रायव्हर म्हणजे वजन का?

गेजकाकांना शर्यतींचं वेड होतं, हे आता त्यांच्या बायकोलाही खरं वाटत नसे. त्यांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. आलेला भाग मोजायचा, मापात बसला तर पुढे, नाहीतर परत. तीच सवय घेऊन सुट्टीच्या दिवशी ते ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या तपासायला जाऊ लागले. खिशात कायम मापाचं गेज, म्हणून हे नाव. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, आपली गाठ लोखंडाशी आहे. हळूहळू कळलं, गाठ वकिलीशी आहे. "नियमात तसं कुठे म्हटलंय?" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही ते तेच बडबडतात, असं बायको सांगे.

त्यांच्या हाताखाली कारखान्यात शिकलेली एक मुलगी पुढे स्वतःचं गॅरेज काढून शर्यतीत उतरली. ट्रॅकवर तिला सगळे ताई म्हणत. गाडी तिची आणि चालवणारा तिचा सख्खा भाऊ. हंगामाच्या सुरुवातीला ती गाडी तपासणीला आली, तेव्हा काका गुडघे चोळत खाली वाकले आणि सीटला हात लावताच थबकले. सीट हलत होती.

खाली दोन छोटे रूळ होते आणि पुढून एक जाड स्प्रिंग. गाडीने वेग घेतला की सीट ड्रायव्हरसकट चार बोटं मागे सरके. ड्रायव्हरचा भार मागच्या चाकांवर जाई आणि चाकं जमिनीला चिकटत.

"हे काय गं?"

"भावाची पाठ दुखते, काका. डॉक्टरांनी सांगितलंय, धक्के बसायला नकोत." ती ओठ दाबून हसू आवरत होती.

काकांनी पट्टे ओढून पाहिले, रुळांच्या टोकाचा अडसर पाहिला, सीट हिसडून पाहिली. सगळं भक्कम होतं. नियम त्यांना तोंडपाठ होता. हलक्या गाडीत भर म्हणून ठेवलेलं जादा वजन, म्हणजे शिशाच्या लगडी वगैरे, घट्ट बांधलेलं हवं, हलता कामा नये. सीट सरकू नये, असं कुठेच नव्हतं. आणि ड्रायव्हरला कोणी जादा वजन म्हणेल असं नियम करणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसणार. त्यांनी सुस्कारा सोडला आणि गाडीवर पास झाल्याचं स्टिकर लावलं.

ताईच्या भावाने पहिली शर्यत मारली. मग दुसरीही मारली. पिवळ्या गाडीचा मालक, ज्याची गाडी दोन्ही शर्यतींत दुसरी आली होती, तक्रार घेऊन समितीकडे धावला.

सुनावणी ट्रॅकच्या ऑफिसवरच्या खोलीत झाली. पंखा करकरत होता आणि खुर्च्यांना हात नव्हते, त्यामुळे काकांची कंबर आधीच धरली होती. अध्यक्ष मूळचे भले गृहस्थ, पण दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरे.

"सत्तर किलोचा माणूस गाडीत मागे-पुढे जातो," पिवळा मालक ओरडला, "आणि हे म्हणतात, वजन हलत नाही!"

"माझा भाऊ म्हणजे काय शिशाची लगड आहे का?" ताई उसळली. "श्वास घेताना त्याची छाती हलते, तेही बंद करा मग!"

हशा पिकला. काका हसले नाहीत. या असल्या हशांमध्ये त्यांचे कितीतरी रविवार गेले होते.

अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुम्ही गाडी पास कशी केलीत?"

"नियमात बसत होती म्हणून."

ताईच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पण अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि पुढचा प्रश्न केला. "तुमच्या मते ही सीट पाठीसाठी आहे?"

काकांनी ताईकडे पाहिलं. ती नजरेने विनवत होती. कारखान्यात पहिल्या दिवशी तिच्या हातात माप देऊन त्यांनीच सांगितलं होतं, जे दिसतं तेच सांगायचं.

"नाही," ते म्हणाले. "पाठीसाठी असती तर वर-खाली हलली असती. ही मागे सरकते. ही वेगासाठी आहे. पण वेगासाठी काही करू नये, असाही नियम नाही."

पिवळा मालक म्हणाला, "बघा, कबूल केलं!" ताई म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा?" दोघंही त्यांच्यावर एकाच वेळी खवळले, आणि काकांना वाटलं, इथेच टेबलावर डोकं ठेवून डोळे मिटावेत.

निकाल लागला तो असा: झालेले दोन्ही विजय कायम, पण सरकती सीट आजपासून बंद. 'वजन' या शब्दाला 'ड्रायव्हरसह' अशी शेपटी जोडली गेली. जिना उतरताना पिवळा मालक काकांच्या मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "एवढी घाई कशाला केली समितीने? आमचीसुद्धा तयार होत आली होती हो! रूळ कापून झाले होते!"

काका कठड्याला धरून उभे राहिले. "मग तक्रार कशाला केलीत?"

"आमची उशिरा होणार होती ना."

घरी आल्यावर बायकोने गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवली. "सोडा आता हे. शिव्या खायला कोणी लांब जातं का? त्या मी घरीच देईन."

"लोखंड मोजून होतं गं," काका म्हणाले. "माणसं सकाळी एक माप सांगतात, संध्याकाळी दुसरं."

त्यांनी खरंच सोडायचं ठरवलं. अध्यक्षांना फोनही केला, पण अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या जागी कोण येणार? बाकी सगळ्यांचं कोणी ना कोणी गाडीत बसलेलं आहे." काकांनी फोन ठेवला आणि गेज पुन्हा खिशात टाकलं.

ताई त्यानंतर ट्रॅकवर समोरून गेली तरी गाड्यांच्या चाकांकडे बघत जाई. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी तिची गाडी रांगेत आली. सीट आता बोल्टांनी आवळलेली होती. काकांनी ती हिसडून पाहिली.

"नाही हलत," ती कोरडेपणाने म्हणाली.

"दिसतंय."

ती घुटमळली. "तुम्ही नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतंत तर?"

"तर पुढच्या वेळी मी पास केलेल्या गाडीला कोणी पास मानलं नसतं. तुझ्यासुद्धा." पाठ सरळ करताना त्यांचा चेहरा आक्रसला. ताईने त्यांच्या कोपराला आधार दिला आणि ते उभे राहताच हात काढून घेतला. भाऊ गाडीत बसून हेल्मेटचा पट्टा आवळत होता.

काकांनी स्टिकर लावलं आणि पुढच्या गाडीला हात केला. ती पिवळी होती, आणि तिच्या मागच्या चाकांवर काहीतरी नवीनच झाकण दिसत होतं.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"चिखल उडू नये म्हणून," मालक म्हणाला.

आभाळ कोरडं ठक्क होतं. काका गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले.