दीड इंच अक्रोड

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ताईचा फोन आला, तेव्हा मी हार्लेमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या ऑफिसात, एका अहवालातल्या छायाचित्रांखालच्या ओळी तपासत होतो. "संपलं, श्री," एवढंच ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, तिकडेही बर्फ पडलाय का. मी म्हणालो, पडलाय. भावोजी आइंडहोव्हनच्या इस्पितळात एकोणीस दिवस होते. पहिले चार दिवस ते फोनवर बोलत होते, नंतर नाही. भेटायला एकालाच परवानगी होती, ती ताईला मिळाली. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं होती. सिंधुदुर्गातले त्यांचे भाऊ पडद्यावर होते, आणि त्यांच्यापैकी कुणाचा तरी माइक सुरू राहिल्यामुळे सगळा वेळ मागे एक कोंबडा आरवत होता. भावोजींना ते आवडलं असतं.

दोन आठवड्यांनी ताईचा पुन्हा फोन आला. "पोलिसांचं पत्र आलंय रे, रायफलबद्दल. वारसाकडे परवाना असेल तर त्याने कळवावं, नाहीतर हत्यार परवानाधारक दुकानात जमा करावं, असं लिहिलंय. तू कळवतोस ना? तुझं लायसन्स आहेच."

माझं लायसन्स नव्हतं. भावोजींबद्दल लिहायचं तर मला या वाक्यापाशी थांबावं लागतं, म्हणून ते आधीच लिहितो.

सदानंद पालव हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी इकडे आले आणि आइंडहोव्हनजवळच्या एका खेड्यात घर घेऊन राहिले. मायक्रॉनच्या खाली मोजमाप करणं हा त्यांचा व्यवसाय, घरी मात्र ते भिंतीवर खिळा ठोकतानाही अंदाजाने ठोकत आणि म्हणत, "ऑफिसातलं घरी आणायचं नसतं." शिकारीकडे ते वळले शेजारच्या यान नावाच्या शेतकऱ्यामुळे. यानच्या मक्यात रानडुकरं शिरली आणि एका आठवड्यात निम्मं शेत लोळवून गेली. कुंपणापाशी उभं राहून यान ते नुकसान दाखवत होता, तेव्हा भावोजींनी त्याला सांगितलं की आमच्या गावी भातशेतीत माच बांधून राखण करतात, लहानपणी मीही केली आहे. यान म्हणाला, मग इथेही कर. इथे त्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, पोलिसांची चौकशी आणि घरात भिंतीला बोल्ट केलेली पोलादी तिजोरी लागते. पंचेचाळिशीत भावोजींनी हे सगळं डच भाषेतून केलं. त्यांना मारण्याची हौस नव्हती. बहुतेक वेळा ते पहाटे जाऊन, माचावर चार तास बसून, हात हलवत परत येत.

रायफलचा विचार मात्र वेगळा होता, आणि त्याची सुरुवात आजोबांच्या बंदुकीपासून होते. पालवांच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि मतदान झाल्यावर परत मिळतात. अशाच एका निवडणुकीत बंदूक ठाण्यात असताना आजोबा गेले. बंदूक परत आणायची तर परवाना वारसाच्या नावावर करून घ्यायला हवा होता. भावोजींचे वडील शाळामास्तर. ते म्हणत, जाऊ सवडीने. ती सवड बत्तीस वर्षं मिळाली नाही. भावोजी एका सुट्टीत स्वतः ठाण्यात गेले, तेव्हा हवालदाराने त्यांना एक कोपरा दाखवला. गंजलेल्या नळ्यांचा ढीग होता. प्रत्येक नळीला तारेने बांधलेली चिठ्ठी होती, चिठ्ठीवरची शाई उडून गेली होती. ही गोष्ट सांगताना ते एरवी बोलत नसत ती मालवणी बोलत. "बंदूक मरणा नाय रे, कागद मरता."

म्हणून त्यांना अशी एक रायफल घ्यायची होती जी मुलीकडे जाईल, आणि जिचा कागद मरणार नाही.

निवड करायला त्यांनी बंदुकांच्या एका दुकानात चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीला मी बरोबर होतो. दुकानाचा मालक सत्तरीचा, स्वतः बंदुका दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या फेरीला त्याने प्रथम एक नक्षीकाम केलेली, चांदीची फुलं बसवलेली रायफल काढली. भावोजींनी ती हातातही घेतली नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. या मापाची काडतुसं पन्नास वर्षांनी मिळतील का? काडतूस आत सारणाऱ्या बोल्टमधली स्प्रिंग तुटली तर ती कारखान्यातूनच मागवावी लागेल की गावातला कारागीर करून देईल? खांद्याला टेकवायचा दस्ता प्लॅस्टिकचा घेतला तर भेगाळल्यावर काय? म्हाताऱ्याने नक्षीची रायफल आत ठेवली आणि मागच्या खोलीतून एक जुनी, साधी, एका हंगेरियन डॉक्टरने वापरलेली बोल्टची रायफल आणली. अक्रोडाचा दस्ता, गडद, गाठी नसलेला. चौथ्या फेरीलाही भावोजींनी भिंग काढून नळीच्या आत दहा मिनिटं पाहिलं.

"मेव्हणे," ते मला म्हणाले, "तुमच्या ताईला लग्नाआधी एकदाच पाहिली होती. हिला चौथ्यांदा बघतोय."

ताईला ही गोष्ट मी घरी सांगितली. ती म्हणाली, "बघू दे. तिला निदान कपाटाला कुलूप तरी आहे. मला ह्यांच्यापासून काय आहे?"

रेवती, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि डेल्फ्टला शिकत होती. मापासाठी तिला दुकानात बोलावलं. रेवतीला मराठी सगळं कळतं. उत्तर ती इंग्रजीत किंवा डचमध्ये देते. "बाबा, आय डोन्ट ईव्हन ईट चिकन," ती दुकानाच्या मधोमध म्हणाली.

"खाऊ नको. सांभाळ फक्त."

"अँड इफ आय डोन्ट वॉन्ट टू?"

"आज नको म्हणशील. तिशीत विचारीन."

"तेव्हाही नाही म्हणेन," हे मात्र ती मराठीत म्हणाली. पण कोट काढून तिने हात पुढे केला. म्हाताऱ्याने कोपराच्या खळीपासून तर्जनीपर्यंत फीत धरली. रेवती आईच्या उंचीची, पाच फूट एक इंच. दस्ता तिच्या मापाला दीड इंच कापावा लागणार होता. म्हातारा म्हणाला, असा कापला तर पुढे विकताना भाव मिळणार नाही. भावोजी म्हणाले, विकायचीच नाही तर भाव कशाला? तोडगा त्यांनीच काढला. कापलेला तुकडा फेकायचा नाही, त्याला दोन लांब स्क्रू बसवायचे. भावोजी वापरतील तेव्हा तो जोडायचा, रेवतीची झाली की काढून ठेवायचा. जोड इतका बारीक बसला की बोट फिरवल्याशिवाय कळत नसे. हे मायक्रॉनवाल्या माणसाचं घरी आणलेलं एकमेव काम.

दुकानातून परत येताना गाडीत त्यांनी मला विचारलं. तिशीपर्यंत दहा-अकरा वर्षं आहेत. मधे मला काही झालं तर कुणाकडे तरी परवाना पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच ठाणं आणि तीच चिठ्ठी. तुम्ही कोर्स कराल? परवान्यासाठी शिकारीची जमीन दाखवावी लागते, ती यान देईल. मी हो म्हणालो. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

कोर्स मी केला. लेखी परीक्षा पास झालो. पक्ष्यांची डच नावं मला आजही येतात. नेमबाजीची परीक्षा जूनमधल्या एका शुक्रवारी होती आणि त्याच दिवशी द हेगच्या माझ्या कार्यालयात एका परिषदेचा मजकूर छपाईला जायचा होता. तो दुसरं कुणी तपासू शकलं असतं. मी परीक्षेला गेलो नाही; पुढच्या वर्षी देऊ, असं ठरवलं. संध्याकाळी भावोजींचा फोन आला. "झालं का, मेव्हणे?"

मी म्हणालो, "झाल्यात जमा आहे."

ते इतक्या मोठ्याने हसले की ताईने मागून विचारलं काय झालं, आणि ते तिला म्हणाले, "श्री पास झाला." हे मी ऐकलं. दुरुस्त केलं नाही. मनात म्हटलं, पुढच्या जूनमध्ये ते खरं होईल. पुढचं वर्ष महासाथीचं निघालं. वर्ग बंद झाले, परीक्षा लांबल्या, आणि मला त्या लांबणीची थोडी सोय झाली, हेही नोंदवायला हवं.

आमची शेवटची भेट डिसेंबरात झाली. घरात बसायचं नाही म्हणून आम्ही मागच्या अंगणात, कोट घालून, दीड मीटरवर खुर्च्या टाकून बसलो होतो. रेवती घरीच होती. डेल्फ्टचे वर्ग स्क्रीनवर चालू होते. भावोजींनी दस्त्याचा तुकडा स्क्रू काढून हातात घेतला होता आणि जवसाचं तेल चिंधीने त्यात मुरवत होते. दर हिवाळ्यात ते हे करत. ताईने आल्याचा चहा दारातून सरकवला.

"आता मी निर्धास्त," ते म्हणाले. "माप तिचं आहे, कागद तुमच्याकडे आहे."

तेव्हा बोलायला हवं होतं. पुरेसा वेळ होता, तिसरं कुणी ऐकत नव्हतं, आणि ते रागावले नसते. चेष्टा केली असती फार तर. मी म्हणालो, "तेल जरा जास्त होतंय."

"अक्रोड पितो," ते म्हणाले, आणि तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला.

ताईचा तो दुसरा फोन आल्यावर मी आइंडहोव्हनला गेलो. टेबलावर भावोजींची फाईल उघडी होती. विमा, घराचे कागद, पासवर्ड. आणि एका पानावर त्यांच्या ठळक अक्षरात तीन वाक्यं. 'रायफल श्रीकांतकडे. त्याचा परवाना आहे. रेवतीला हवी तेव्हा द्यावी.' मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासला आहे. मधलं वाक्य चूक होतं, आणि त्याचा स्रोत मी होतो.

"मामा, तू पास झाला नाहीस ना?" रेवतीने माझा चेहरा बघून विचारलं. मराठीत.

"नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"यू हॅड अ यर अँड अ हाफ, मामा."

मी म्हणालो, दुकानदार काही महिने ठेवून घेईल, परीक्षा सुरू झाल्या की मी देतो, नक्की देतो. ती म्हणाली, "नो. नॉट यू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मे बी अ‍ॅट थर्टी आय वुड हॅव सेड येस. आता मला कधीच कळणार नाही." ताई फाईल बंद करत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ह्यांचे वडीलही असंच म्हणायचे. जाऊ सवडीने..."

रायफल विक्रीसाठी न्यायला तो म्हातारा स्वतः आला. मास्क लावून, अंगणातून. ताईने तिजोरी उघडून दिली. त्याने सह्या घेतल्या, टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि गेला. तिजोरी अजून भिंतीला आहे. ताई तिच्यात तांदूळ ठेवते.

एप्रिलच्या शेवटी त्याचा मला फोन आला. गिऱ्हाईक मिळालं होतं, जवळजवळ दोन मीटर उंचीचा माणूस. त्याला दस्ता फारच आखूड पडत होता. आपण कापलेला तो लाकडाचा तुकडा रायफलबरोबर आला नव्हता; तो घरी कुठे आहे का, एवढं बघाल का?

तो शनिवार होता. मी ट्रेनने गेलो. मागच्या अंगणाचं दार उघडं होतं आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या फटीत खाली अक्रोडाचा तुकडा बसवलेला होता. वाळला होता, तेलाने काळसर दिसत होता, स्क्रूची दोन भोकं वरच्या बाजूला होती. ताई म्हणाली, खिडकीत नुसता पडला होता, इथे बरोबर बसला. मी दोघींना म्हाताऱ्याचा निरोप सांगितला.

रेवती म्हणाली, "सांग, सापडला नाही."

ते सोपं होतं, आणि कुणाचंही त्यात नुकसान नव्हतं. मी स्वयंपाकघरातूनच फोन लावला, दोघींना ऐकू जाईल असा. म्हाताऱ्याला डचमध्ये सांगितलं की तुकडा आहे, माझ्या समोर आहे, पण तो आम्ही देणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मी नवा कापतो. लाकडाचा रंग जुळणार नाही, पण त्या माणसाला चालेल. बाईंना नमस्कार सांगा.

फोन ठेवला तेव्हा रेवती दारापाशी वाकली होती. तिने तुकडा अंगठ्याने चाचपून पाहिला आणि पायाच्या टाचेने आणखी आत सरकवला. तेलाची बाटली आणि चिंधी अजून खिडकीतच आहेत. हिवाळ्यात त्याला तेल लागेल. ते कुणी लावायचं, हे मी विचारलं नाही.