आठवं बाक

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात आमच्या गल्लीतल्या सयाजी सुताराला एक खोड लागली. टळटळीत दुपारी, सारी सांगली दारं लोटून पडलेली असताना, तो विश्रामबागेकडच्या नव्या बागेत जायचा आणि एका बाकामागं उकिडवा बसायचा. कान लाकडाला, डोळे मिटलेले.

आता असलं काही दिसल्यावर मी गप्प बसेन, असं मला ओळखणारा कुणी म्हणणार नाही. मी त्याच्या बायकोला, दगडाबाईला, एवढंच म्हटलं, की बागेत सावली झकास आहे, आणि सावलीला माणूस एकटा कशाला जाईल? तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "भावजी, त्ये रातचं बी झोपंना झाल्यात. बाई असती तर झोपलं असतं."

मी थट्टा विसरलो. बाईमाणसाला नेमकं काय कळतं ते आपल्याला कधी कळायचं नाही.

गोष्ट अशी, की ही बाकं कस्तुरीअक्कांची. अक्का म्हणजे हळदीच्या पेठेतल्या मोठ्या जैन घरातल्या. वय पंचाहत्तर, मुंगीवर आपली सावली पडली तरी बाजूला होऊन चालणाऱ्या, पावसाळ्यात ओल्या गवतावर पाय न टाकणाऱ्या. यजमानांच्या नावानं त्यांनी बागेला आठ बाकं द्यायचं ठरवलं. अटी दोनच. उभं झाड पाडायचं नाही आणि लाकडाला औषध मारायचं नाही. त्यांच्या बाकापायी मुंगी मरता कामा नये.

गावातल्या सुतारांनी हात जोडले. उघड्यावरचं लाकूड, सागवान नाही, औषध नाही, दोन पावसांत त्याचा भुसा होणार. एक जण तर अक्कांना दगडाची बाकं करा म्हणाला. अक्का म्हणाल्या, उन्हाळ्यात दगडावर तू बसून दाखव.

सयाजी मूळचा फलटणचा. तिकडं कुंपणाचे खांब पुरताना खालचं टोक आगटीत भाजून काळं करतात, मग ते कुजत नाही, हे तो लहानपणापासून बघत आलेला. शेतकी शाळेतले एक सर त्याला म्हणाले होते, की परदेशात लोक आख्खं लाकूडच असं भाजतात, पण हवा न लागू देता. तेवढ्या वाक्यावर गड्यानं अक्कांना शब्द दिला. लाकूड कुठलं, तर मिरज रस्त्यावर वादळात पडलेली आंब्याची झाडं. गल्ली हसली. आंब्याचं लाकूड चितेला लागतं, बाकाला नाही. मीच म्हणालो होतो, की सयाजी, बाकावर बसणारा थेट पुढच्या गावालाच पोचेल.

कारखान्याच्या भंगारातून त्यानं एक लांबलचक लोखंडी पिंप आणलं. किड्यांची भोकं नसलेल्या फळ्या निवडून आत रचायच्या, तोंड बंद करून माती-शेणानं लिंपायचं आणि खाली उसाच्या पाचटाचा मंद जाळ दिवसभर. पहिल्या खेपेला लिंपण फुटलं, वारा आत शिरला आणि सगळ्याचा कोळसा झाला. दगडाबाईनं महिनाभर त्यावर पाणी तापवलं. पण पुढं जमलं. फळ्या कॉफीच्या रंगाच्या होऊन निघायच्या, वास जळक्या गुळाचा. अक्कांना त्यानं समजावलं, की हे मारणं नव्हे; लाकडातला गोडवाच जातो, मग किडा येईल कशाला? अक्कांना ते फार पटलं. जिथं खायला नाही तिथं पाहुणा कसला, म्हणाल्या. अशा फळ्या ठिसूळ होतात, खिळा ठोकला की चिरतात, म्हणून प्रत्येक भोक आधी पाडून स्क्रू पिळले. लोखंडी पाय, म्हणजे मातीला लाकूड टेकायलाच नको. एवढं सगळं मन लावून केलं.

आणि शेवटच्या खेपेला घात झाला. जाळ अर्ध्यावर असताना लिंपणाला चीर गेली. पुन्हा कोळसा होईल या धास्तीनं सयाजीनं जाळ ओढून विझवला. फळ्या फिकट निघाल्या. बागेत बाकं बसवायचा दिवस दोन दिवसांवर. त्यानं त्या फळ्यांवर जवसाचं तेल चोळचोळून रंग काळपट केला आणि आठव्या बाकाच्या पाठीला लावल्या. नव्या बागेतल्या कोपऱ्यातलं बाक. कुणाला कळणार?

पाऊस, हिवाळा सुखात गेले. अक्षय तृतीयेला बाग लोकांना खुली करायची आणि अक्कांनी पहिल्यांदा बाकावर टेकायचं, असं ठरलं. आणि एप्रिलात सयाजीला आठव्या बाकाखाली पिवळा भुसा दिसला, चिमूटभर, पिठासारखा बारीक. कान लावला तर आत करकर.

हे त्यानं मला सांगितलं ते मी बागेत गेलो तेव्हा. शेजारी पिशवीत वाळवीच्या औषधाचा डबा आणि एक ब्रश. अजून झाकण उघडलेलं नव्हतं. बारा दिवस तो डबा घेऊन येत होता आणि परत नेत होता.

मी म्हटलं, फळी काढ आणि पुन्हा भाज.

"आत जीव हाय की," तो म्हणाला. "डब्यानं मारा न्हाईतर जाळानं मारा. अक्कांस्नी मी काय सांगितलं व्हतं?"

तृतीयेला चार दिवस उरले होते. त्याची बोटं सारखी डब्याच्या कडीशी खेळत होती. अक्कांचं नाव, सयाजीचा शब्द, आणि खाली पिठाची चिमूट वाढतच चाललेली. मी म्हटलं, चल अक्कांकडं.

अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सयाजीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, तेलासकट. अक्कांनी मान वर केली नाही.

"भुसा बघून भ्यालास," त्या म्हणाल्या. "तेल लावताना का न्हाई भ्यालास रं?"



मग त्यांनी हुकूम सोडला. पाठ अलगद उतरवायची, माळ्याच्या खोलीमागं सावलीला ठेवायची आणि खाणाऱ्यांना खाऊ द्यायचं. बाग सात बाकांवर खुली करायची, आठवं तसंच बिनपाठीचं ठेवायचं.

"नवी पाठ नीट भाजून लाव," त्या म्हणाल्या. "तवर मी बसणार न्हाई."

आणि नाही बसल्या. तृतीयेला भाषणं झाली, तास-सव्वातास. लोक सातही बाकांवर ऐसपैस बसले आणि पंचाहत्तरीची ती म्हातारी बिनपाठीच्या आठव्या बाकाशेजारी काठी टेकून उभी राहिली. पाहुण्यांनी तीनदा खुर्ची पुढं केली. सयाजी गर्दीमागं उभा होता. अक्कांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली की तो एक पाऊल पुढं टाकायचा आणि मागं घ्यायचा.

पुढं पावसाळा लागला. अक्का गवतावर येणाऱ्या नव्हेत. सयाजीनं ज्येष्ठातच नव्या फळ्या भाजल्या, लिंपणापाशी रात्रंदिवस बसून, आणि पाठ लावून टाकली. पण खाली भुसा पडतोय का, ते दिवाळीपर्यंत रोज बघितलं. दगडाबाई आता त्याच्यासोबत जायची. गल्लीत मी त्यावरही एक कंडी पिकवली, ती जाऊ दे.

दिवाळी झाल्यावर अक्का आल्या. आधी काठीनं बाकाखालची माती उकरून बघितली. मग बोट फळीवरून फिरवून नाकाशी नेलं. तेल नव्हतं. मग बसल्या, आणि पाठ मागं टेकली.

सयाजीला त्यांनी बस म्हटलं नाही. तो मग माळ्याच्या खोलीमागं गेला आणि जुन्या पाठीला कान लावून बघू लागला. आत अजून जेवण चाललं होतं.