बाबांच्या खिशातली वायर

पावर हाउसच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करायला दिला होता. दुकानात सोल्डरिंगचा डोळ्यांना झोंबणारा, राळेच्या वासाचा धूर आला आणि मी बाबांसोबत याच बाजारात आलेली शाळकरी मुलगी झाले.

बाबांनी प्लांटच्या ड्युटीतून वेळ काढून घरीच ॲम्प्लिफायर बनवला होता. मागे करंटची वायर लावायचं सॉकेट तेवढं राहिलं होतं. दुकानदाराने कंप्युटरवालं पुढे केलं. "ये लो भैया, इसकी वायर घर-घर में मिल जाएगी." बाबांनी ते पाहून परत ठेवलं आणि एक गोल, पितळी, आट्यांचं सॉकेट उचलून त्यालाच बसणारी वायर घेतली.

सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आईने विचारलं, "असं कावून आनलं? दुसरी वायर तं लागनारच नाही याले."

"मजबूत हाये," बाबा म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

मग जयंती असो की कोणाची हळद, ॲम्प्लिफायर आमचाच जायचा आणि वायर बाबांच्या खिशात राहायची. थोड्या वेळाने निरोप यायचा, "भाऊ, वायर घेऊन या." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे ते जेवूनच परतायचे.

आता ॲम्प्लिफायर माझ्या घरी आहे. वायर मी मुद्दाम, रिटायर होऊन जामुलला राहायला गेलेल्या बाबांकडेच ठेवली आहे. दुरुस्त झालेल्या मोबाईलवरून पहिला फोन त्यांनाच लावला.

"बाबा, उद्या वायर घेऊन या."