चढावरचं चाक

ट्रॅक्टर पारखायला मगननाना रस्त्यावर आडवे व्हायचे. भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर चढाला लावायचा, आणि नानांनी धुळीत गाल टेकून पुढच्या चाकाखाली उजेड दिसतो का ते पाहायचं. लांबून पाहणाऱ्याला कोणी चाकाखाली गेलं असंच वाटे. आमच्या धानोऱ्याला मात्र त्याची सवय झाली होती. लहान ट्रॅक्टर घ्यायचा तर नानांना न्यायचंच.

"ताकद मंग इचार, पहिले वजन इचार," ते म्हणायचे. जड ट्रॉली ओढताना हलका ट्रॅक्टर चढावर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावरच उलटतो. नानांचा मुलगा दिलीप तसाच गेला. तो ट्रॅक्टर नानांनीच पसंत केला होता. पुढे त्यांनी तो विकून टाकला.

माझ्या धाकट्या भावाला, किशोरला, केळीच्या ओळींतून फिरेल आणि उसाची ट्रॉलीही ओढेल असा ट्रॅक्टर हवा होता. विसरवाडीला जुन्या गाड्यांच्या आवारात एक मिळाला. रंग नवाकोरा, आवाज गोड. किशोर तर हरखूनच गेला. ट्रॉली जोडून तो गावाबाहेरच्या चढाला लागला, नाना आडवे झाले. चाक रस्त्याला चिकटून होतं. भर दुपारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नाना उठले ते पांढरेफटक पडून. "उचलायनं," म्हणाले.

"नाना, चाक खालीच होतं."

"तुले नही दिसनं." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा तापलेला होता, तरी काढला नाही. "हाऊ मन्हा दिलीपना शे."

हा दिलीपचाच ट्रॅक्टर का, ते आवारवाल्याला विचारलं; त्याला आधीचा मालक ठाऊक नव्हता. बापाच्या मनाचे खेळ, असं मी अजूनही स्वतःला समजावतो. पण अंगावर काटा आला होता, तो आलाच होता.

किशोरसाठी नानांनी पुढे लोखंडी वजनं लावलेला दुसरा निवडला. आणि तो रंगवलेला स्वतः घेतला. "नही ते कोनाना तरी पोऱ्या यावर बसीच," एवढंच म्हणाले. घरी आणून त्याची बॅटरी काढली आणि गोठ्यामागे उभा केला. बैल आता त्या भिंतीकडे तोंड करत नाहीत, असं त्यांची सून सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात नानांनी खाट धरली. माणसं ओळखेनात. एका सकाळी किशोर भेटायला गेला, मीही सोबत होतो. नानांनी त्याचं मनगट गच्च धरलं.

"दिलीप, उतर रे. चाक उचली ऱ्हायनं. उतर."

किशोर माझ्याकडे पाहू लागला. शेवटी तो खाटेवर वाकला.

"उतरनू, नाना. हाऊ देख, खाले उभा शे."

नानांची बोटं सैल झाली. त्यानंतर त्यांनी कोणाला हाक मारली नाही. दुपारी गेले.